फोटो शार्प हवा? आधी पायाशी बघा

कोल्हापूरच्या रंकाळा तलावावर पहाटे नवा कॅमेरा घेऊन आलेली पोरं दिसली की मी एकच प्रश्न विचारतो, "या फोटोत तुझ्या पायाशी काय आहे?" बहुतेक वेळा उत्तर येतं, "काही नाही. समोरचा शालिनी पॅलेस घ्यायचाय." नवख्याचा फोटो फसतो तो इथेच, आणि शार्पनेसची निम्मी भानगडही इथूनच सुरू होते.

काठावर उभं राहिलं की डोळ्याला पॅलेस मोठा वाटतो, कारण आपलं लक्ष तिथेच असतं. लेन्सला लक्ष नसतं, तिच्याकडे फक्त भूमिती असते. १५ मीटर उंचीची इमारत ६०० मीटरवरून १८ मिमीच्या वाइड, म्हणजे रुंद दृश्य घेणाऱ्या लेन्सने टिपली, तर सेन्सरवर, म्हणजे कॅमेऱ्यातल्या प्रकाश टिपणाऱ्या पाटीवर, तिची उंची भरते जेमतेम ०.४५ मिमी. उलट फूटभर दगड सव्वा मीटरवर असेल तर तो सुमारे साडेचार मिमी, म्हणजे दहापट. म्हणून वाइड लेन्सच्या फोटोत जवळचं काहीतरी लागतंच: शेवाळलेला दगड, घाटाची पायरी, काठावरचं गवत. कॅमेरा गुडघ्याच्या उंचीवर आणा. दगड आणि पलीकडचा काठ यांच्यामधलं रिकामं पाणी फ्रेममध्ये आपोआप आटतं. प्रतिबिंब हवं असेल तर मात्र तेवढं पाणी राखा.

फ्रेमचे आडवे-उभे तीन-तीन भाग पाडून मुख्य गोष्ट त्या रेघांवर ठेवायची, हा तीन भागांचा नियम सगळे सांगतात, मीही सांगतो, पण त्यात फार अडकू नका. आकाश कोरडं असेल तर ते कमी घ्या. पाण्याची रेघ मात्र आडवी सरळ हवी. तलाव कलंडलेला लगेच डोळ्यात खुपतो. आबालाल रहिमान याच रंकाळा-कोटितीर्थ परिसरात निसर्गचित्रं रंगवत. चित्रकार आधी बसतो, बघतो, मग कुंचला उचलतो. तेवढा धीर कॅमेरावाल्यानेही धरावा असं मला मनापासून वाटतं.

आता दगडही स्पष्ट हवा आणि पॅलेसही. कुणीतरी सांगितलेलं असतं, लेन्समधलं प्रकाश आत सोडणारं छिद्र जितकं बारीक तितकं सगळं शार्प; आणि एफचा आकडा जितका मोठा तितकं छिद्र बारीक. मग पोरगं थेट एफ/२२ लावतं आणि घरी जाऊन बघतं तर सगळाच फोटो मऊ. दोष लेन्सचा नसतो, प्रकाशाचाच तो स्वभाव आहे. प्रकाश लाटेसारखा असतो; अरुंद फटीतून गेला की तो पसरतो. त्यामुळे एक ठिपका सेन्सरवर ठिपका न राहता छोटी चकती होतो. हिरव्या प्रकाशासाठी ही चकती एफ/८ ला साधारण ०.०११ मिमी, तर एफ/२२ ला ०.०३ मिमी. २४ मेगापिक्सेलच्या नेहमीच्या एपीएस-सी (बऱ्याच कॅमेऱ्यांत असतो त्या मध्यम आकाराच्या) सेन्सरवर एक पिक्सेल असतो जवळपास ०.००४ मिमीचा. म्हणजे एका बिंदूचा उजेड सात-सात पिक्सेलवर सांडतो. हे विवर्तन, महागडी लेन्स घेतली तरी ते टळत नाही.

मग करायचं काय? १८ मिमी आणि एफ/८ ठेवून सुमारे दोन मीटरवर फोकस केला, तर एक मीटरपासून क्षितिजापर्यंत सगळं पुरेसं स्पष्ट येतं. मी अडीच मीटर धरतो. दूरचं थोडं जास्त खणखणीत येतं आणि सव्वा मीटरवरचा दगडही सांभाळला जातो. आधी दगड निवडायचा तो यासाठीच. जवळचं काय घ्यायचं हे ठरलं की फोकस कुठे धरायचा हेही ठरतं.

पहाटे उजेड कमी, शटर सावकाश, म्हणून ट्रायपॉड आणि दोन सेकंदांचा टायमर हवाच. पन्हाळ्यावर एकदा वाऱ्यात माझे वीसेक फोटो हलले. ट्रायपॉड पक्का रोवलेला, मग हलतंय काय? कॅमेऱ्याला लोंबणारा पट्टा फडफडत होता. तेव्हापासून पट्टा काढूनच ठेवतो.

पन्हाळ्यावरून दुपारी कोल्हापूरकडे झूम लावाल तर ट्रायपॉडही हात टेकेल. मध्ये वीसेक किलोमीटरचा हवेचा थर असतो. तापलेल्या जमिनीवरची गरम हवा विरळ, वरची दाट. प्रकाश त्यांच्यातून वाकडा-तिकडा वळत येतो आणि इमारती थरथरतात. यावर सेटिंग नाही, वेळच बदलावी लागते. पाऊस पडून गेल्यावर धूळ बसते तेव्हा डोंगर कोरल्यासारखे दिसतात. गुऱ्हाळांच्या हंगामात थंडीच्या सकाळी धूर उसाच्या फडांवर खालीच रेंगाळतो. तो धूसरपणा घालवू नका. एकामागे एक उभे असलेले डोंगर त्याच्यामुळेच वेगळे उठून दिसतात.

शालिनी पॅलेस रंकाळ्याच्या पश्चिम काठावर आहे, त्यामुळे पूर्वेकडून बघितलं की सकाळचं पहिलं ऊन थेट त्याच्यावर येतं. पुढे वारा सुटला की पाण्यातलं प्रतिबिंब मोडतं. म्हणून दगड आदल्या संध्याकाळीच हेरून ठेवा.