२२ किलोवॉटचा ऑप्शन म्हणजे फास्ट चार्जिंग नव्हे

महागड्या इलेक्ट्रिक गाडीच्या ऑप्शनांची यादी समोर आली, की एका ओळीवर हमखास टिक लागते: २२ किलोवॉटचा ऑनबोर्ड, म्हणजे गाडीतच बसवलेला, एसी चार्जर. विकणारा सांगतो, "साहेब, फास्ट चार्जिंगवालं घेऊन टाका, समृद्धीवर कामी येईल." नाही येत. त्या ऑप्शनने महामार्गावरचा थांबा एका मिनिटानेही कमी होत नाही. तरी नागपुरात धरमपेठेपासून मनीषनगरपर्यंत लोक "आपण बावीसवालं घेतलं" असं कौतुकाने सांगतात, आणि ऐकणाराही मान डोलावतो.

डीसी फास्ट चार्जिंग तुम्हाला माहीत आहे. जाड केबल, सीसीएस-२ या प्लगची जड गन, स्टेशनवर ६०, १२० किंवा त्याहून मोठा किलोवॉटचा आकडा. तिथे एसीचं (तारांतून येणाऱ्या विजेचं) डीसी (बॅटरीत साठते ती वीज) करण्याचं काम स्टेशनचं ते कपाटाएवढं यंत्र करतं आणि वीज सरळ बॅटरीत जाते. गाडीतल्या ऑनबोर्ड चार्जरला त्या वेळी काही कामच नसतं. तो ११चा असो की २२चा, डीसी गन लावली की त्याचा संबंध संपला.

घरचं प्रकरण उलटं आहे. भिंतीवर बसवतात ती पेटी, म्हणजे वॉलबॉक्स, तिला सगळे चार्जर म्हणतात. पण ती चार्जर नव्हे. ती एक शहाणा स्विच आहे. आतल्या बारीक संदेश-तारेतून ती गाडीला "इतके अँपिअर ओढ, याहून जास्त नको" एवढं सांगते, आणि गडबड झाली तर वीज तोडते. एसीचं डीसी करणारा खरा चार्जर गाडीच्या पोटात असतो, आणि तुम्ही जादा पैसे मोजताय ते त्याच्यासाठी. पेटीवर २२ लिहिलंय म्हणून ११ची गाडी २२ घेत नाही. गाडी २२ची आहे म्हणून सिंगल फेजचं घर २२ देत नाही. घरची लाइन, पेटी आणि गाडी, या तिघांत जो सगळ्यात लहान असेल, त्याचाच वेग मिळतो.

आकडे कुठून येतात ते एकदा पाहून घ्या, मग कुणी फसवू शकत नाही. २३० व्होल्ट गुणिले ३२ अँपिअर म्हणजे सुमारे ७.४ किलोवॉट, हे सिंगल फेज. तीन फेजवर प्रत्येकी १६ अँपिअर घेतले की ११, आणि प्रत्येकी ३२ घेतले की २२. किलोवॉट हा वेग, तर किलोवॉट-अवर म्हणजे आपलं मीटरवरचं युनिट. "१०० किलोवॉटची बॅटरी" असं छापणाऱ्यांना माफी नाही.

आता मर्सिडीज ईक्यूएस ५८० एवढी, म्हणजे १०७.८ युनिटची बॅटरी धरा. १० टक्क्यांवरून ८० पर्यंत जायला सुमारे ७५ युनिट बॅटरीत जावे लागतात. वाटेत दहाएक टक्के उष्णतेत जातात, म्हणून मीटरवर ८४ पडतात. ७.४ वर याला सव्वाअकरा तास लागतील, ११ वर साडेसात, २२ वर पावणेचार. कंपनी याच गाडीला २०० किलोवॉटच्या डीसीवर ३१ मिनिटं सांगते. म्हणजे २२चा "फास्ट" पर्याय खऱ्या फास्टपेक्षा सातपट हळू आहे. आणि रात्री दहाला लावून सकाळी सातला काढायची असेल, तर ११ वर तेवढ्यात ८५-९० युनिट बॅटरीत जातात. रोज गावात ४०-५० किलोमीटर फिरणाऱ्या गाडीला दहा-बारा युनिट लागतात, ते ७.४ वर दीड-दोन तासांत होतं. बाकीचा वेळ गाडी नुसतीच उभी.

खरी मेख मात्र वेगळीच आहे, आणि ती कुणी सांगत नाही. ११चा ऑनबोर्ड चार्जर बहुधा तीन फेजवर प्रत्येकी १६ अँपिअर घेण्यासाठी बनलेला असतो. तुमच्या घरी सिंगल फेज असेल, तर काही गाड्या त्या एका फेजवरही ३२ अँपिअर ओढतात आणि ७.४ देतात. काही गाड्या मात्र १६ वरच अडतात, आणि मग मिळतात जेमतेम ३.७. तीच वरची बॅटरी भरायला पावणेतेवीस तास! गाडी ११ची, पेटी ७.४ची, वायर जाडजूड, सगळं नवीन, आणि वेग साध्या १६ अँपिअरच्या सॉकेटएवढा. म्हणून बुकिंगच्या वेळी "एसी चार्जिंग किती?" हा प्रश्नच चुकीचा आहे. "सिंगल फेजवर ही गाडी किती अँपिअर घेते, १६ की ३२?" असं विचारा, आणि उत्तर मेलवर घ्या. उत्तर १६ आलं आणि घरी तीन फेज येण्याची शक्यता नसेल, तर २२चा ऑप्शन घ्यायला खरं कारण आहे, कारण त्यात प्रत्येक फेजला ३२ची क्षमता असते. वेडेपणा वाटेल, पण २२चा सगळ्यात समजूतदार गिऱ्हाईक हा सिंगल फेजवाला निघू शकतो.

तीन फेज घ्यायचंच ठरलं, तर महावितरणकडे मंजूर भार वाढवण्याचा अर्ज आधी, गाडी नंतर. दीड टनाचे दोन एसी, गीझर आणि वर ११ किलोवॉट, ही बेरीज जुन्या मंजूर भारात बसत नाही. २२ तर बंगल्यातही विचार करून घ्यावं लागतं, आणि फ्लॅटमध्ये ट्रान्सफॉर्मरवर किती जागा उरलीय ते सोसायटीला आधी विचारावं लागतं. बिलाकडेही लक्ष असू द्या. घरगुती दराचे टप्पे १००, ३०० आणि ५०० युनिटांवर बदलतात, आणि एकट्या गाडीचे महिन्याला साडेतीनशे युनिट सहज होतात. म्हणजे घराचे आधीचे युनिट धरून तुम्ही वरच्या टप्प्यात जाता.

वायरिंगमध्ये कंजुषी नको. ३२ अँपिअर तासन्‌तास सलग वाहतात. गीझरसारखे दहा मिनिटं नव्हेत. वीस मीटरपर्यंत ६ चौरस मिलिमीटरची तांब्याची वायर, त्यापुढे १०ची. एमसीबी ४०चा, कारण ३२चा एमसीबी उन्हाळ्यात तापलेल्या पेटीत विनाकारण पडतो. साधा एसी टाइप आरसीसीबी (गळती दिसली की वीज तोडणारा स्विच) चालत नाही, कारण डीसी गळती त्याला दिसत नाही. वॉलबॉक्समध्ये ६ मिलिअँपिअरचं डीसी सेन्सिंग असेल तर टाइप ए, नसेल तर टाइप बी. आणि अर्थिंग! इकडची काळी माती मेमध्ये भेगाळते, खड्डा कोरडा पडतो, अर्थिंगचा रोध वाढतो, न्यूट्रल आणि अर्थमधला फरक चढतो आणि गाडी चार्ज घ्यायला नकार देते. मग सगळे गाडीला शिव्या घालतात. वायरमनला तो फरक मोजायला लावा, दोन-तीन व्होल्टच्या आत हवा. चार्जरसाठी स्वतंत्र अर्थिंगचा खड्डा करा आणि नवतपा (मेअखेरचे कडक उन्हाचे नऊ दिवस) लागायच्या आधी त्यात पाणी टाका.

संध्याकाळी सगळे कूलर आणि एसी एकदम सुरू झाले, की व्होल्टेज २०५ वर येतं. तेव्हा ३२ अँपिअरवर ७.४ नाही, साडेसहा मिळतात. गाडीत टायमर आहे. मध्यरात्रीनंतरची वेळ लावून ठेवा.

मग वरचा सिंगल फेजवाला सोडला, तर २२ घ्यायचं कधी? तुमच्या कारखान्यात किंवा ऑफिसात तीन फेजचा २२चा पॉइंट असेल आणि गाडी तिथे दिवसाला दोन-तीन तासच उभी राहत असेल, तेव्हा. मॉल-हॉटेलातल्या एसी पॉइंटच्या भरवशावर घेऊ नका. त्यातले बरेच ७.४चेच असतात.

प्रवासासाठी पैसे खर्चायचे तर डीसीकडे बघा, पण तिथेही मोठा आकडा पाहून भुलू नका. समृद्धी ७०१ किलोमीटरची आहे, मर्यादा १२०ची. त्या वेगात मोठी गाडी युनिटला चार-पाच किलोमीटर जाते, म्हणजे थांबावं लागणारच. साध्या, थंड न केलेल्या केबलमधून साधारण २०० अँपिअर जातात. ४०० व्होल्टच्या बॅटरीला त्यातून ८० किलोवॉटच मिळतात, स्टेशनवर १२० लिहिलेलं का असेना. ८०० व्होल्टच्या गाडीला तेच स्टेशन पूर्ण १२० देऊ शकतं. त्यात दोन गनांचं स्टेशन असेल आणि शेजारी दुसरी गाडी लागली, तर पॉवर वाटली जाते, हेही ध्यानात ठेवा. ८०० व्होल्टची एक उलटी अडचणही आहे: स्टेशनच ४०० व्होल्टचं असेल, तर गाडीत व्होल्टेज वाढवणारं यंत्र लागतं. पहिल्या पिढीच्या पोर्शे टायकानमध्ये अशा स्टेशनवर मूळ वेग ५० किलोवॉटच होता. १५० हवे असतील तर वेगळा ऑप्शन घ्यावा लागे. वापरलेली टायकान पाहत असाल तर २२च्या एसी चार्जरबद्दल नंतर, या ऑप्शनबद्दल आधी विचारा.

बाकीची यादी झटपट. तापणाऱ्या सीट आणि तापणारं स्टीअरिंग नागपुरात कशाला? हवा खेळणाऱ्या सीट घ्या. त्या थंड करत नाहीत, केबिनचीच हवा पाठीतून फिरवतात, पण ४५ अंशांत तेवढंही पुष्कळ. काचेचं छत घेणार असाल तर आतून ओढता येणारा पडदा असलेलंच. २१-२२ इंची चाकं रेंज खातात आणि पावसाळ्यातल्या खड्ड्यांत त्यांचा कमी उंचीचा टायर फुटतो. स्टेपनी बहुतेक गाड्यांत नसतेच. हीट पंपाचा फायदा मुख्यतः थंडीत केबिन गरम करताना होतो, बॅटरी गार ठेवण्याचं काम वेगळ्या कूलिंगचं. आपल्याकडे डिसेंबर-जानेवारीच्या चार आठवड्यांसाठी त्यावर वेगळे पैसे मोजायची गरज नाही.