स्प्रिंग वायसर: सगळा खेळ पोलादाचा

सोयाबीन निघालं, हडंबा (मळणीयंत्र) चालू झाला की दोन दिवसात कुठला ना कुठला नट ढिला होतोच, मग कोणीतरी गावातल्या हार्डवेअरवाल्याकडून किलोवर स्प्रिंग वायसर, म्हणजे नट ढिला होऊ नये म्हणून त्याच्याखाली घालायची चिरलेली कडी, आणतं आणि ते कशाचे बनलेत हे कोणी विचारत नाही. लातूर असो की परभणी, सगळीकडं हेच. म्हणून जरा मागचा इतिहास सांगावासा वाटला.

आधी पोलाद. इंग्लंडात बेंजामिन हंट्समन नावाचा घड्याळजी होता, त्याला घड्याळाच्या स्प्रिंगसाठी एकसारखं पोलाद मिळेना म्हणून १७४० च्या दशकात त्यानं मुशीत पोलाद वितळवायची पद्धत काढली. माझ्या मते स्प्रिंग वायसरची गोष्ट इथूनच सुरू होते, नटबोल्टचा नंबर नंतर लागतो.

मग रेल्वे. १८४७ ला विल्यम ब्रिजेस ॲडम्सनं रूळ जोडायच्या फिशप्लेटचं पेटंट घेतलं, पण प्रत्येक चाकाचा दणका त्या जॉइंटवर, त्यामुळं बोल्ट सैल होणं ही कायमची डोकेदुखी. त्याच शतकाच्या उत्तरार्धात जॉन ग्रोव्हर या इंग्रज इंजिनिअरनं चिरलेल्या कड्यासारखा स्प्रिंग वायसर आणला. आपल्याकडं १९०० च्या सुमारास निजामाची मीटरगेज मनमाडहून औरंगाबाद, जालना, परभणीकडं आली. पुढं १९८५ ला वाळूजला बजाजचा प्लांट सुरू झाला, आजूबाजूला सुट्या पार्टचे छोटे कारखाने वाढले, आणि तारेचा ग्रेड, हार्डनेस हे शब्द इथल्या पोरांच्या रोजच्या बोलण्यात आले.

बनतो कसा ते बघण्यासारखं आहे. तार गोल नसते, चौकोनी पण नसते, तिची एक कड मुद्दाम बारीक ठेवलेली असते, कारण वळवताना आतली बाजू दबून जाड होते आणि बाहेरची ताणून पातळ होते, म्हणून बारीक कड आत घेतात आणि वळल्यावर दोन्हीकडची जाडी सारखी होते. मग लांब स्प्रिंगसारखी गुंडाळी, एकेक वेढा कापायचा, साधारण ८५० अंशाला तापवून तेलात टाकायचा. या टप्प्याला तो काचेसारखा तडकणारा असतो, म्हणून पुन्हा ४००-४५० अंशाला टेम्परिंग, तेव्हा कुठं हार्डनेस (कठीणपणा) तो मोजायच्या रॉकवेल सी स्केलवर ४३ ते ५० च्या आसपास येतो.

पण हे सगळं तारेत कार्बन असेल तरच. जालन्याची सळई सगळीकडं जाते, चांगलीच असते, पण सळईत कार्बन जास्तीत जास्त साधारण पाव टक्का आणि वायसरच्या तारेला त्याच्या दुप्पट-तिप्पट लागतो. कमी कार्बनची तार कितीही तापवा, एकदा दाबली की चपटीच राहणार, म्हणजे पैसे स्प्रिंगचे आणि माल प्लेन वायसरचा. भट्टीत हवा लागून वरचा कार्बन जळाला तरी साल मऊ पडते. आणि झिंक प्लेटिंग (जस्ताचा मुलामा) केल्यावर साधारण २०० अंशाला काही तास भाजला नाही तर प्लेटिंगआधी धुवायच्या ॲसिडमधून पोलादात शिरलेला हायड्रोजन आतच राहतो, मग आज कसलेला वायसर उद्या हात न लावता तुटतो.

दुकानात बघायचं तर एक वायसर व्हाइसमध्ये अर्धा धरा आणि दुसरं टोक पान्यानं काटकोनापर्यंत पिळा. कट्‌कन तुटला तर पूर्ण लॉट परत करा.

अजून एक गोष्ट प्रामाणिकपणे सांगायला पाहिजे. १९६९ मध्ये गेरहार्ड जुंकर या जर्मन इंजिनिअरनं दाखवलं की आडव्या हादऱ्यानं घट्ट बोल्टसुद्धा सुटत जातो, आणि त्या पद्धतीच्या टेस्टमध्ये स्प्रिंग वायसर फार काही रोखू शकत नाही. बोल्ट पूर्ण कसला की वायसर सपाट होतो आणि त्याचा जोर बोल्टच्या ताणापुढं किरकोळ असतो. त्यात हलका वायसर तुटून तुकडा खाली पडला तर त्याच्या जाडीएवढी फट एका झटक्यात मोकळी होते आणि सगळा ताण जातो, म्हणजे वायसर नसता तर बरं झालं असतं. हडंब्याच्या ड्रमला किंवा ट्रॉलीच्या हुकला नायलॉक नट (आत नायलॉनचं कडं असलेला) किंवा डबल नट लावा, आणि स्प्रिंग वायसर मोटारीच्या टर्मिनलसारख्या हलक्या जागी वापरा, तो पण बिलावर ग्रेड लिहून घेतलेला.