रहस्यकथेतली बाई आणि न्याय (स्त्रीवादी दृष्टिकोन)

साधारण १८६० ते १९४० मधल्या इंग्रजी रहस्यकथांत बाई कुठं उभी आहे, मयत म्हणून, आरोपी म्हणून का तपास करणारी म्हणून, आणि तिचा निवाडा कोण करतंय, हे बघणारी समीक्षेची पद्धत.

पहिली बाई-डिटेक्टिव्ह कुठली यावर वाद आहे. बहुतेक जण १८६४ च्या आसपास लंडनला निघालेल्या दोन पुस्तकांकडं बोट दाखवतात, दोन्ही पुरुषांची मानतात. इंग्लंडात अटकेचा पूर्ण अधिकार मिळालेली पहिली महिला पोलीस एडिथ स्मिथ, ती १९१५ ची, म्हंजे गोष्टीतली बाई पन्नासेक वर्षं पुढं होती. पहिली लेखिका म्हणून ॲना कॅथरिन ग्रीनचं (१८७८) नाव घेतात, पण मेटा व्हिक्टरची कादंबरी त्याच्या दहा-बारा वर्षं आधीची, टोपणनावानं आली म्हणून मागं पडली असावी, हेच जास्त पटतं.

या चर्चेत अमेरिकन लेखिका सुझन ग्लास्पेल हमखास येते. १९०० मध्ये आयोवात जॉन होसॅकचा झोपेत कुऱ्हाडीनं खून झाला, बायको मार्गारेटवर खटला चालला, ग्लास्पेलनं तो पेपरसाठी कव्हर केला. शिक्षा झाली, वरच्या कोर्टात रद्द झाली, १९०३ च्या फेरखटल्यात ज्युरीचं एकमतच झालं नाही. त्यावरनं तिनं १९१६ मध्ये नाटक लिहिलं, पुढच्या वर्षी कथा. त्यात साहेबलोक माडीवर पुरावा हुडकत फिरतात आणि खाली आरोपी बायकोच्या, मिनीच्या, स्वयंपाकघरात दोघी बायकांना अर्धवट गोधडी (आपल्याकडची वाकळच म्हणा) सापडते, टाके सरळ चाललेले आणि एका जागी एकदम वेडेवाकडे. मग शिवणाच्या डब्यात मान मुरगळलेला पक्षी. एकीनं ते टाके आधीच उसवून नीट घातलेले असतात, आता पुरावा लपवायला डबाही तिच्या कोटाच्या खिशात जातो.

कोल्हापुरात हे वाचताना शाहू महाराजांचा १९१९ चा, बायकांना क्रूरपणे वागवण्याविरुद्धचा कायदा आठवतोच. छळ हा गुन्हा आहे हे इथं कागदावर आलं, गोष्टीतल्या मिनीच्या छळाला साक्षीदार म्हणून तो मेलेला पक्षी तेवढा.

इंग्लंडात बायका ज्युरीत बसायला लागल्या त्या १९१९ च्याच कायद्यानंतर. डोरोथी सेयर्सच्या १९३० च्या कादंबरीत हॅरिएट व्हेनवर विषप्रयोगाचा आरोप, पण लग्नाशिवाय एका पुरुषाबरोबर राहिली हेच जास्त नडतं. ज्युरीतली मिस क्लिम्पसन, बिनलग्नाची वयस्कर बाई, काय हलत नाही, आणि खटला परत चालवायची वेळ येते.