पाठीची गादी, पपईचा चीक आणि छोटी चीर

पायात कळ मारते ती मणक्यांमधली गादी सरकून नसेवर दाबते म्हणून, हे डॉक्टरांना नीट उमगून अजून शंभर वर्षं झालेली नाहीत. बोस्टनच्या मिक्स्टर आणि बार यांनी ते १९३४ साली मांडलं. तोवर ऑपरेशनमध्ये हाती आलेला तुकडा बहुधा कूर्चेची (नाक-कानात असतं तसल्या मऊ हाडाची) गाठ समजला जाई.

कारण कळलं, पण गादीपर्यंत पोचायचं म्हणजे पाठीचे स्नायू हाडापासून सोडवा, मागचं थोडं हाड काढा, नस बाजूला धरा. नस मोकळी व्हायची, पण सोललेले स्नायू पुढे बरेच दिवस छळायचे. कमी चिरफाडीचा सगळा शोध सुरू झाला तो या स्नायूंपायी. चिरेची लांबी हा त्यातला दुय्यम भाग.

चीर पुरती टाळण्याचा धाडसी प्रयत्न झाला तो चक्क पपईच्या चिकातून. मटण लवकर शिजावं म्हणून आपण कच्ची पपई लावतो, तोच गुण. १९५६ मध्ये लुईस थॉमस यांनी सशांना पपेन, म्हणजे या चिकातला मांस मऊ करणारा घटक, टोचलं, तर त्यांचे ताठ कान लुळे पडले. कानातली कूर्चा सैल झाली होती. काही दिवसांनी कान पुन्हा उभे! हे वाचून लायमन स्मिथ यांनी चिकातलंच कायमोपपेन थेट माणसाच्या गादीत सोडलं आणि १९६४ मध्ये त्याचे निष्कर्ष छापले. अमेरिकेत १९८२ ला परवानगीही मिळाली. पण काहींना जिवावर बेतणारी अ‍ॅलर्जी झाली, क्वचित मज्जारज्जूलाच इजा झाली, आणि औषध मागे पडलं.

दरम्यान टोकियोत हिजिकाता यांनी १९७५ मध्ये बारीक नळीतून गादीचा गर काढला होता. १९७७ मध्ये यासारगिल आणि कास्पर यांनी मायक्रोस्कोपखालच्या ऑपरेशनचे अनुभव मांडले. १९९७ मध्ये फोली आणि (दुसरेच) स्मिथ यांची पद्धत आली: एकावर एक मोठ्या नळ्या सरकवत स्नायू न कापता फाकवायचे, मग दुर्बिणीने काम.

मानेची गोष्ट वेगळी. १९५०च्या दशकातच स्मिथ–रॉबिन्सन (हे स्मिथ आणखी तिसरे) आणि क्लोवर्ड यांनी गळ्याच्या पुढून, श्वासनलिका एका बाजूला सारून स्नायूंमधल्या नैसर्गिक फटीतून वाट काढली. त्यामुळे मानेचं ‘जुनं’ ऑपरेशनही तसं सौम्यच. तिथे खरा प्रश्न मणके जोडायचे, कृत्रिम गादी बसवायची की मागून फक्त नस मोकळी करायची, हा असतो.

नळीच्या पद्धतीचा कस २००९ मध्ये नेदरलँड्समधल्या ३२८ रुग्णांवर लागला. वर्षभरानंतर ती नेहमीच्या मायक्रोस्कोप ऑपरेशनपेक्षा सरस ठरली नाही. उलट पाठ आणि पायाचं दुखणं नळीवाल्यांना किंचित जास्तच होतं. जाहिरातीत हे सहसा दिसत नाही. पूर्ण दुर्बिणीने, बाजूने केलेलं ऑपरेशन मात्र २०२२ च्या डच चाचणीत कमी पडलं नाही.

त्याआधी, २००७ मध्ये, डच डॉक्टरांनी आणखी मूळचा प्रश्न विचारला होता: थांबलं तर? लवकर ऑपरेशन झालेल्यांचं दुखणं लवकर गेलं, पण वर्षाअखेर दोन्ही गट सारखेच. थांबलेल्यांपैकी सुमारे ३९ टक्क्यांना वर्षभरात ऑपरेशन करावंच लागलं. पाय फार लुळा पडलेले किंवा लघवीवरचा ताबा गेलेले रुग्ण या चाचणीत घेतलेच नव्हते. त्यांना थांबवणं परवडत नाही.