जीएनएम आणि बीएस्सी नर्सिंग: एजंट म्हणतो तेवढं ते ‘एकच’ नाही

बारावीचा निकाल लागला की महिनाभर माझा फोन माझा राहत नाही. नात्यातल्या, गावातल्या, कुणाच्या तरी ओळखीच्या मुली आणि त्यांचे बाप. यंदा त्यात भावाची मुलगीही आली. म्हणाली, “आत्या, तो प्रवेश करून देणारा माणूस म्हणतोय जीएनएम आणि बीएस्सी नर्सिंग एकच, नाव तेवढं वेगळं. खरं का गं?”

अर्धं खरं आहे. म्हणून तर माणसं फसतात.

खरं अर्धं आधी सांगते. जीएनएम म्हणजे जनरल नर्सिंग अँड मिडवाइफरी, ही तीन वर्षांची पदविका; बीएस्सी नर्सिंग ही चार वर्षांची पदवी. दोन्हीकडच्या मुली शिकून झाल्यावर महाराष्ट्र परिचर्या परिषदेकडे नोंदणी करतात आणि दोघींच्याही नावापुढे लागतं ते आरएन-आरएम, म्हणजे नोंदणीकृत परिचारिका (नर्स) आणि नोंदणीकृत प्रसाविका (मिडवाइफ, बाळंतपण करणारी). पदवीचं वेगळं, पदविकेचं वेगळं असं काही नाही. सरकारी रुग्णालयात अधिपरिचारिकेची, म्हणजे स्टाफ नर्सची जागा निघाली की दोघी अर्ज करतात, आणि लागल्या तर दोघींचं मूळ वेतन 35,400 पासूनच सुरू होतं. रात्री अडीचला चार नंबरच्या पेशंटचा दम वाढला तर ‘सिस्टर’ म्हणून हाक येते, ती शिक्षण विचारून येत नाही. मी जीएनएमवाली. माझ्या जोडीला बीएस्सी झालेली मुलगी असते. आमच्यात जास्त कुणाला येतं, हे वॉर्डातल्या मावशींना विचारलंत तर त्या हसतील.

मग फरक कुठे? फरक आहे परीक्षा कोण घेतं यात. बाकीचे सगळे फरक त्यातूनच निघतात.

जीएनएम चालतं नर्सिंग स्कूलमध्ये, आणि आपल्याकडे त्याची परीक्षा घेतं महाराष्ट्र राज्य शुश्रूषा व परावैद्यक शिक्षण मंडळ. बीएस्सी चालतं कॉलेजात, आणि परीक्षा विद्यापीठाची. बहुतेक कॉलेजं नाशिकच्या आरोग्य विज्ञान विद्यापीठाची, काही अभिमत विद्यापीठांची. मुंबईत एसएनडीटीचं लीलाबाई ठाकरसी कॉलेज आहे 1964 सालचं, ते एसएनडीटीच्याच पदव्या देतं. कोणी कॉलेज दाखवलं की मी आधी मागच्या बॅचच्या एखाद्या मुलीची गुणपत्रिका मागायला सांगते. डोक्यावर विद्यापीठाचं नाव आहे की मंडळाचं, तिथेच कळतं. एजंटाच्या रंगीत माहितीपत्रकावर ‘नर्सिंग कॉलेज’ एवढंच मोठ्या अक्षरात असतं, आणि एकाच आवारात वर स्कूल, खाली कॉलेज असंही सर्रास असतं.

ही दोन दारं कशी झाली तेही सांगते. नर्सिंग आधी रुग्णालयातच शिकवलं जायचं, कामाच्या हाताने. रमाबाई रानड्यांच्या पुण्याच्या सेवासदनाने विधवा, परित्यक्ता बायकांना ससूनला नर्सिंग शिकायला पाठवलं, तेव्हा लोकांनी नाकं मुरडली होती. विद्यापीठाची पदवी आली ती 1946 साली, दिल्लीत आणि वेल्लोरला. म्हणजे पदविका ही पदवीची धाकटी बहीण नव्हे, थोरली आहे. तिला मागे बंद करण्याचं घाटत होतं, ते बारगळलं, आणि ती अजून चालू आहे. “जीएनएम बंद होणार, लवकर सीट घ्या” हे वाक्य मात्र दर जूनमध्ये नव्याने ऐकू येतं.

आता प्रवेशाचं. बीएस्सीला बारावी सायन्सच लागतं: फिजिक्स, केमिस्ट्री, बायोलॉजी आणि इंग्रजी मिळून 45 टक्के, अनुसूचित जाती-जमातींना 40. आणि 31 डिसेंबरला सतरा पूर्ण. जीएनएमला शाखा कोणतीही चालते, आर्ट्स-कॉमर्ससुद्धा, पण बारावीला 40 टक्के हवेत आणि इंग्रजीतही वेगळे 40. इथेच कितीतरी पोरींचं गाडं अडतं. एकूण 68 टक्के आणि इंग्रजीत 37, असं घेऊन आलेली मुलगी मी पाहिलीय. बाप म्हणत होता, “एकूण चांगले आहेत की ताई.” एकूण चांगले असून भागत नाही.

बीएस्सीसाठी पूर्वी नीटचे गुण बघायचे. आता राज्याचा सीईटी कक्ष वेगळी सीईटी, म्हणजे प्रवेश परीक्षा घेतो. शंभर गुण: फिजिक्स, केमिस्ट्री, बायोलॉजी, इंग्रजी आणि नर्सिंग अ‍ॅप्टिट्यूड, प्रत्येकी वीस. चुकीच्या उत्तराला गुण कापत नाहीत, तेव्हा एकही प्रश्न कोरा सोडू नये. भाची बायोलॉजी घोकत बसली होती आणि इंग्रजीचं पुस्तक उघडायला तयार नव्हती. दोन्हींना वजन सारखंच आहे म्हटल्यावर गप्प झाली.

खरी गोची असते कागदांची. अधिवास, नॉन-क्रिमीलेअर, शाळा सोडल्याचा दाखला, फिटनेस, आणि सगळ्यांत हट्टी म्हणजे जात वैधता. ते अकरावीतच टाकायला हवं, पण निकालानंतरच सगळ्यांना आठवतं. शिवाय दोन दाखल्यांवर नावाचं स्पेलिंग वेगळं निघालं की तालुक्याच्या फेऱ्या ठरलेल्या.

पैशाचा एक मुद्दा नीट समजून घ्यावा. जुलै 2024 मध्ये राज्याने मुलींसाठी व्यावसायिक अभ्यासक्रमांत शिक्षण शुल्क आणि परीक्षा शुल्क पूर्ण माफ केलं: घरचं उत्पन्न 8 लाखांच्या आत, आणि ईडब्ल्यूएस, एसईबीसी किंवा ओबीसी. पण प्रवेश कॅप फेरीतून, म्हणजे सरकारच्या केंद्रीय प्रवेश प्रक्रियेतून झालेला हवा. मॅनेजमेंट कोट्यातून घेतलेल्या जागेला ही सवलत नाही. “कॅपची वाट कशाला बघता, आजच टोकन द्या” असं कोणी म्हणालं, तर त्या टोकनाबरोबर काय हातचं जातंय याचा हिशेब घरी बसून करावा. होस्टेल आणि मेस दोन्हीकडे खिशातूनच.

सुरुवातीचे महिने मात्र दोन्हीकडे सारखेच, आणि सारखेच कंटाळवाणे. पोरींना वाटतं पहिल्या दिवशी इंजेक्शन. मिळते चादर. बेड मेकिंग: खालची चादर ताणून, कोपरा पाकिटासारखा दुमडून गादीखाली घट्ट सारायचा, एकही सुरकुती राहता कामा नये. मी पहिल्या आठवड्यात वैतागले होते. मग आमच्या ट्युटरने एका लकवा झालेल्या आजोबांना कुशीवर वळवून पाठ दाखवली. माकडहाडावर लाल चट्टा, आणि त्याच्या बरोबर खाली चादरीची घडी. तेव्हापासून आजतागायत चादर ताणताना हात आपोआप दुसऱ्यांदा फिरतो. पुढे टीपीआर (ताप, नाडी, श्वास मोजणं), बीपी, ट्रे लावणं, आणि प्रत्येक गोष्टीवर सही घेतलेलं प्रोसिजर बुक. मिडवाइफरीला केसबुक, म्हणजे प्रसूतींची नोंदवही. प्रसूती कमी होत असलेल्या रुग्णालयात ते भरता भरता मुली रडकुंडीला येतात, म्हणून कॉलेज बघायला गेलं की इमारत नंतर बघावी, आधी लेबर रूमचं रजिस्टर किती भरतंय ते विचारावं. खाटा कागदावर शंभर आणि वॉर्डात पेशंट बारा, अशा ठिकाणी स्कूल असो की कॉलेज, शिकणार कुणावर?

अभ्यासात फरक एवढाच की जीएनएमची परीक्षा वर्षाला, बीएस्सीची आता सेमिस्टरला, आठ सेमिस्टर. बीएस्सीत रिसर्च, स्टॅटिस्टिक्स जरा जास्त. वॉर्डात त्याचा उपयोग काय, असं मी पूर्वी म्हणायचे. आता म्हणत नाही.

कारण फरक खरा दिसतो तो पुढे, चार-पाच वर्षांनी. एम्सच्या नर्सिंग ऑफिसरच्या परीक्षेला, नॉरसेटला, बीएस्सीवाली अनुभवाशिवाय थेट बसते. जीएनएमवालीला किमान पन्नास खाटांच्या रुग्णालयातला दोन वर्षांचा अनुभव लागतो. आणि ती नोकरी 44,900 मूळ वेतनाची. मी दोन वर्षं इमानाने एका खासगी रुग्णालयात काढली, नाइटवर नाइट केल्या, अनुभवाचं पत्र घेतलं, आणि एम्सचा अर्ज भरायला बसले तेव्हा कळलं की तिथे खाटा तीस. दोन वर्षं गेली. चूक माझीच, जाहिरातीतली अट आधी वाचली नव्हती. बीएस्सी केलं असतं तर ही अट माझ्या वाट्याला आलीच नसती.

जीएनएमनंतर पदवी घेता येते, पोस्ट बेसिक बीएस्सी, दोन वर्षं. तीन अधिक दोन पाच. थेट पदवीपेक्षा वर्ष जास्त, आणि नोकरी लागल्यावर रजा घेऊन शिकायचं म्हणजे काय, ते सासरी नांदणाऱ्या सिस्टरलाच विचारा. एमएस्सी करायची, नर्सिंग कॉलेजात शिकवायचं, तर पदवीवाचून दार उघडत नाही. उलट बाजू अशी की घरी ताबडतोब पगार हवा असेल, किंवा बारावी आर्ट्सची असेल, तर तीन वर्षांत कमावती होणारी जीएनएम मला मुळीच वाईट वाटत नाही. माझ्या धाकट्या भावाचं इंजिनीअरिंग माझ्या पगारावर झालं.

परदेशाचं म्हणाल तर ब्रिटनमध्ये नर्स म्हणून नोंदणीसाठी दोन्ही चालतात, परीक्षा द्याव्या लागतात. पण तिथे नर्स आणि मिडवाइफ हे रजिस्टरचे दोन वेगळे भाग. आपलं आरएम लिहिलेलं आहे म्हणून तिकडे मिडवाइफ होता येईल, हे गृहीत धरू नये.

आणि या दोन्हींत बसत नाही ते तिसरंच: सहा महिन्यांचा, वर्षाचा ‘नर्सिंग असिस्टंट’ कोर्स. त्यावर नर्स म्हणून परिषदेकडे नोंदणी होत नाही. एएनएम (ऑक्झिलरी नर्स मिडवाइफ) वेगळी, ती दोन वर्षांची आणि नोंदणीची.

भाचीला बायोलॉजी-केमिस्ट्री मिळून बरे गुण आहेत, घरी पगाराची घाई नाही. तिला मी बीएस्सी सांगितलं. त्या माणसाला फोन करून तिने विचारलं, “गुणपत्रिका कुणाची मिळेल, विद्यापीठाची का मंडळाची?” तो म्हणाला, समक्ष या, मग सांगतो. तिने फोन ठेवला आणि जात वैधतेच्या पावतीचा नंबर शोधायला कपाट उपसायला घेतलं.