गोल्फमधला हँडिकॅप १५ म्हणजे नेमकं काय? : ग्राहकांसाठी माहितीपत्रक

क्लब फिटिंगसाठी (म्हणजे गोल्फच्या काठ्या, ज्यांना क्लबच म्हणतात, तुमच्या मापाच्या करून घेण्यासाठी) किंवा गोल्फच्या धड्यांसाठी नाव नोंदवताना आमच्या अर्जात हँडिकॅपचा एक रकाना असतो. तिथे पेन थांबतं आणि प्रश्न येतो, "कागदावर १५ आहे, पण मी सहसा फेरीला ९३-९४ फटके मारतो. आकडा चुकलाय का?"

मैदानाचा पार, म्हणजे फेरीसाठी ठरवलेले फटके, ७२ असेल तर १५ मिळवून ८७ यायला हवेत, असं वाटतं. आकडा बहुधा बरोबर असतो. चुकते ती त्याच्याकडून ठेवलेली अपेक्षा. हँडिकॅप म्हणजे तुमची सरासरी, असं बहुतेक जण धरून चालतात, पण तो सरासरी सांगण्यासाठी बनवलेलाच नाही. तुम्ही चांगले खेळता त्या दिवशी किती चांगले खेळता, एवढंच तो सांगतो.

आकडा तयार कसा होतो

जानेवारी २०२० पासून स्कॉटलंडची आर अँड ए आणि अमेरिकेची यूएसजीए या गोल्फचे नियम ठरवणाऱ्या दोन संस्थांनी मिळून जागतिक हँडिकॅप पद्धत सुरू केली. त्याआधी जगात सहा वेगवेगळ्या पद्धती होत्या. भारतात हे काम इंडियन गोल्फ युनियनच्या देखरेखीखाली क्लबांमार्फत चालतं.

तुमच्या प्रत्येक फेरीचा आधी एक 'डिफरन्शियल' काढला जातो. तुमच्या स्कोअरमधून त्या टीचं (जिथून होलचा पहिला फटका मारतात ती जागा) कोर्स रेटिंग, म्हणजे निष्णात खेळाडूकडून तिथून अपेक्षित फटके, वजा करायचं, उरलेल्याला ११३ ने गुणायचं आणि त्या टीच्या स्लोप रेटिंगने (याचा अर्थ पुढे दिला आहे) भागायचं. अशा शेवटच्या २० डिफरन्शियलपैकी सर्वात कमी ८ निवडायचे. त्यांची सरासरी म्हणजे तुमचा हँडिकॅप इंडेक्स. उरलेल्या १२ फेऱ्या या सरासरीत धरल्याच जात नाहीत. 'माझा आकडा मला जमत नाही' या तक्रारीचं मूळ बहुतेक वेळा इथे असतं.

स्कोअरही जसाच्या तसा धरत नाहीत. प्रत्येक होलला कमाल मर्यादा असते : पार, अधिक दोन, अधिक हँडिकॅपमुळे त्या होलवर तुम्हाला मिळणारे जादा फटके. याला नेट डबल बोगी म्हणतात. समजा कोर्स हँडिकॅप (त्या मैदानावर मिळणारे एकूण जादा फटके) १६ आहे आणि स्ट्रोक इंडेक्स ५ (जादा फटके वाटण्याच्या क्रमात पाचवा) असलेल्या पार ४ च्या होलवर तुम्ही ९ मारले. त्या होलवर तुम्हाला एक फटका मिळतो, म्हणून मर्यादा ४ + २ + १ = ७. हँडिकॅपच्या हिशेबात ९ च्या जागी ७ लिहिले जातात. बाकीचे सतरा होल मर्यादेत असतील, तर ९२ ची फेरी ९० ची होते.

रेटिंग ७१.२ आणि स्लोप १२८ असलेल्या टीवर या ९० चा डिफरन्शियल १६.६ येतो. ९२ तसेच धरले असते तर तो १८.४ आला असता. एका बिघडलेल्या होलमुळे सगळा आकडा वर जाऊ नये, यासाठी ही मर्यादा आहे. नियम चांगला आहे. फक्त लक्षात ठेवा, तुमचे सर्वात वाईट होल या आकड्यात पूर्ण दिसत नाहीत.

एकच इंडेक्स, दोन खेळाडू

दोन खेळाडू घेऊ. आकडे उदाहरणादाखल आहेत, पण हिशेब खराखुरा आहे.

पहिल्याचे सर्वोत्तम आठ डिफरन्शियल : १४.१, १४.५, १४.८, १५.०, १५.२, १५.४, १५.५, १५.५. सरासरी १५.०. उरलेले बारा १५.७ ते १८.५ च्या दरम्यान.

दुसऱ्याचे आठ : १०.२, १२.४, १४.०, १५.१, १६.०, १६.८, १७.५, १८.०. सरासरी तीच, १५.०. उरलेले बारा मात्र १८.४ पासून २९ पर्यंत पसरलेले.

दोघांच्या कार्डावर १५.० असंच छापलं जाईल. वरच्याच टीवर, म्हणजे रेटिंग ७१.२ आणि स्लोप १२८ धरून, पहिल्याचा दिवस चांगला असेल तर ८७ आणि वाईट असेल तर ९२. दुसरा कधी ८३ मारेल, कधी १०४. पहिल्याची सगळ्या फेऱ्यांची सरासरी ९० च्या आसपास राहील, दुसऱ्याची ९४ च्या आसपास.

यातून स्पर्धेबद्दलही बरंच कळतं. साठ-सत्तर जणांच्या नेट स्पर्धेत (जिथे स्कोअरमधून हँडिकॅप वजा करतात) बक्षीस पहिल्या प्रकारच्या खेळाडूला फार क्वचित मिळतं, कारण त्याच्या हातून इंडेक्सपेक्षा फार कमी स्कोअर होतच नाही. दुसऱ्याचा १०.२ वाला दिवस त्या रविवारी उगवला, की तो सगळ्यांना मागे टाकतो. म्हणून लगेच त्याच्यावर संशय घेऊ नये. मॅच प्लेमध्येही, म्हणजे एकेक होल जिंकण्याच्या खेळात, दुसऱ्याला थोडा फायदा असतो, कारण तिथे एका होलवर ९ मारले तरी जातो तो एकच होल. जोडीच्या खेळात भागीदार निवडायचा असेल, तर त्याचा नुसता इंडेक्स विचारू नका. शेवटचे वीस डिफरन्शियल बघा.

पहिल्याच्या यादीत १५.० किंवा त्याहून कमी असे चार डिफरन्शियल आहेत, दुसऱ्याच्या यादीत तीन. म्हणजे वीस फेऱ्यांत तीन-चार वेळा. 'हँडिकॅपला खेळणं' साधारण पाच-सहा फेऱ्यांत एकदा घडतं आणि ते तसंच अपेक्षित आहे. उरलेल्या दिवशी दोन-तीन फटके वर गेले, म्हणून धडे बदलायची किंवा ड्रायव्हर विकायची गरज नाही.

इंडेक्स वेगळा, कोर्स हँडिकॅप वेगळा

इंडेक्स कोणत्याही एका मैदानाचा नसतो. मैदानावर उतरताना त्याचं कोर्स हँडिकॅपमध्ये रूपांतर करावं लागतं : इंडेक्स गुणिले स्लोप, भागिले ११३, आणि त्यात रेटिंग व पार यांतला फरक मिळवायचा.

१५.० इंडेक्सचा खेळाडू रेटिंग ७१.२, स्लोप १२८, पार ७२ अशा टीवर १६ चा होतो. तोच रेटिंग ६८.४, स्लोप १०५, पार ७० अशा टीवर १२ चा होतो. खेळाडू तोच, चार फटक्यांचा फरक मैदानाचा. येरवडा असो, चेंबूर असो की खारघर, प्रत्येक मैदानाच्या प्रत्येक टीचं रेटिंग आणि स्लोप वेगळं असतं. ते स्कोअरकार्डावर पाहा, नाहीतर क्लबच्या कार्यालयात विचारा. निळ्या टीवरून खेळून कार्ड पांढऱ्या टीच्या नावावर भरलं, की डिफरन्शियल सरळ चुकतो. अशी चूक अगदी सहज होते.

स्पर्धेत यापुढे आणखी एक पायरी असते. वैयक्तिक स्ट्रोक प्लेमध्ये (फेरीचे एकूण फटके मोजण्याचा खेळ) कोर्स हँडिकॅपच्या ९५ टक्के, फोरबॉल (जोडीतल्या दोघांपैकी प्रत्येक होलचा चांगला स्कोअर धरण्याचा खेळ) स्ट्रोक प्लेमध्ये ८५ टक्के, फोरबॉल मॅच प्लेमध्ये ९० टक्के आणि एकास एक मॅच प्लेमध्ये पूर्ण १०० टक्के धरण्याची शिफारस आहे.

स्लोपबद्दलचा एक गैरसमज आम्हाला फार खटकतो. स्लोप जास्त म्हणजे मैदान अवघड, असं सर्रास म्हटलं जातं. मैदान किती अवघड हे मुख्यतः रेटिंग सांगतं, तेही स्क्रॅच, म्हणजे शून्य हँडिकॅपच्या, खेळाडूच्या नजरेतून. सामान्य खेळाडूला, ज्याला 'बोगी खेळाडू' म्हणतात, तेच मैदान स्क्रॅचच्या तुलनेत किती जास्त जड जाईल, हे स्लोप सांगतो. मोजणीसाठी पुरुष स्क्रॅच खेळाडूचा टी शॉट २५० यार्ड आणि बोगी खेळाडूचा २०० यार्ड धरतात. स्त्रियांसाठी हेच आकडे २१० आणि १५० यार्ड आहेत. टीसमोर १८० यार्डांचं पाणी असेल, तर पुरुष स्क्रॅच खेळाडू त्याच्याकडे बघतही नाही, बोगी खेळाडूचा चेंडू जेमतेम पलीकडे जातो. असे होल जितके जास्त, तितका स्लोप चढतो. लांबलचक पण मोकळ्या मैदानाचं रेटिंग मोठं आणि स्लोप बेताचा असू शकतो. स्लोप ५५ ते १५५ च्या दरम्यान असतो आणि ११३ हा प्रमाण मानला जातो.

आकडा कुठे बिघडतो

सर्वात मोठं कारण म्हणजे निवडक कार्डं भरणं. कुणी फक्त चांगल्या फेऱ्या नोंदवतो आणि ११ चा इंडेक्स मिरवतो, मग स्पर्धेत त्याचे हाल होतात. कुणी चांगल्या फेऱ्या लपवून १९ वर बसून राहतो. पहिला स्वतःला फसवतो, दुसरा सगळ्या मैदानाला. दोघांचाही आकडा आमच्या कामाचा उरत नाही.

दुसरं कारण, मित्रांच्या खेळात सोडून दिलेले पट (ग्रीनवर, म्हणजे होलभोवतीच्या गुळगुळीत गवतावर, पटर नावाच्या क्लबने मारायचे फटके). तीन फुटांवरचा पट 'दिला' म्हणून उचलायचा आणि एक फटका लिहायचा, असं फेरीत पाच-सहा वेळा झालं की त्यातले एक-दोन तरी प्रत्यक्षात हुकले असते. मॅच प्लेमध्ये दिलेला पट नियमात बसतो. स्ट्रोक प्लेमध्ये चेंडू होलमध्ये घालावाच लागतो. पहिल्या टीवर बिघडलेला फटका पुन्हा मारून घेतलेली फेरी, एकट्याने खेळलेली फेरी आणि सिम्युलेटरवरची फेरी हँडिकॅपसाठी धरायची नसते. आमच्या स्टुडिओतल्या पडद्यावर ७९ आले, तरी ते तुमच्या यादीत जाणार नाहीत.

पावसाळ्याचं गणित निराळं आहे. जुलै-ऑगस्टमध्ये चेंडू पडतो तिथेच रुततो, फेअरवेवर (टी आणि ग्रीनच्या मधलं कापलेलं गवत) धाव मिळत नाही आणि तोच ड्राइव्ह बराच आखूड पडतो. रेटिंग मात्र नेहमीच्या परिस्थितीचं असतं. यावर उपाय म्हणून त्या दिवशी आलेल्या सगळ्या स्कोअरवरून उणे १ ते अधिक ३ पर्यंत दुरुस्ती आपोआप केली जाते. पण त्यासाठी त्या दिवशी त्या मैदानावर इंडेक्स ३६ किंवा कमी असलेल्या किमान आठ जणांचे स्कोअर भरलेले हवेत. पावसातल्या मंगळवारी चारच जण खेळले, तर दुरुस्ती होत नाही. म्हणून पावसाळ्यात यादीत वाईट आकडे जमा झाले, तर लगेच स्विंगला दोष देऊ नका.

नवीन खेळाडूचा इंडेक्स ५४ होल पुरे झाले की मिळतो. कमाल ५४.०. तीनच डिफरन्शियल असतील, तर त्यांतला सर्वात कमी घेऊन त्यातून २ वजा करतात. २४.६, २७.१ आणि २९.८ असतील तर इंडेक्स २२.६. हा आकडा तात्पुरता समजा. फेऱ्या वाढतील तसा तो बराच हलतो. २० फेऱ्या झाल्या की मगच त्यावर काही ठरवा.

दुखापतीतून किंवा आजारपणातून परतणाऱ्यांसाठी एक गोष्ट. इंडेक्स फार वेगाने वर जाऊ नये म्हणून त्याला लगाम आहे. मागच्या ३६५ दिवसांतल्या तुमच्या सर्वात कमी इंडेक्सपेक्षा ३ पर्यंतची वाढ पूर्ण मिळते, त्यापुढची निम्मी आणि एकूण ५ पेक्षा जास्त कधीच नाही. सर्वात कमी १२.० असेल आणि हिशेबाने १७.० येत असेल, तर कार्डावर १६.० दिसेल. खांद्याच्या शस्त्रक्रियेनंतर वर्षभर इंडेक्स तुमच्या आजच्या खेळापेक्षा चांगला दिसतो, तो यामुळे. अशा वेळी क्लबच्या हँडिकॅप समितीशी बोला. खरं कारण असेल तर आकडा बदलण्याचा अधिकार समितीला आहे.

क्लब निवडताना हँडिकॅपचा उपयोग

अगदी थोडा, असं आमचं स्पष्ट मत आहे. बाजारात आयर्न (धातूच्या पात्याचे क्लब) 'कमी हँडिकॅपसाठी', 'जास्त हँडिकॅपसाठी' अशा चिठ्ठ्या लावून विकले जातात. फटके कुठे वाया जातात, हे इंडेक्सला माहीत नसतं. १५ चा एक खेळाडू २३० यार्ड ड्राइव्ह मारतो, पण फेरीला ३८ पट घेतो. दुसऱ्याचा ड्राइव्ह १८० च्या पुढे जात नाही, पण ग्रीनच्या कडेवरून तो दोन फटक्यांत हमखास आत जातो. दोघांना एकच सेट देणं चुकीचं ठरेल. पहिल्याला बहुधा नवीन ड्रायव्हरची गरजच नाही. त्याने पटरची लांबी आणि लाय (दांड्याचा जमिनीशी होणारा कोन) तपासून घ्यावी. दुसऱ्याला लांब आयर्नच्या जागी हायब्रिड (मारायला सोपे क्लब) आणि हलकी शाफ्ट (क्लबचा दांडा) यांनी खरा फरक पडेल. शाफ्ट किती कडक हवी हे क्लबहेडच्या वेगावरून आणि लयीवरून ठरतं, ग्रिपची जाडी हाताच्या मापावरून, लाय अँगल चेंडू कुठल्या बाजूला सुटतो त्यावरून. यांपैकी कशासाठीही आम्ही हँडिकॅप विचारत नाही. अर्जातला तो रकाना फक्त तुमच्या फेऱ्यांच्या विस्ताराबद्दल बोलायला सुरुवात म्हणून आहे; एकट्या आकड्यातून तो विस्तार कळत नाही.

म्हणून भेटीला येताना इंडेक्सचा एकच आकडा न आणता शेवटच्या २० डिफरन्शियलची यादी फोनवर किंवा छापून आणा. त्याशिवाय पुढच्या पाच फेऱ्यांच्या कार्डांवर, समासात, प्रत्येक होलसाठी चार खुणा करा : पार ४ आणि पार ५ वर टी शॉट फेअरवेत राहिला की नाही, ग्रीन नियमातल्या, म्हणजे पारपेक्षा दोन कमी, फटक्यांत गाठलं की नाही, पट किती, आणि पेनल्टी किती. कॅडीला सांगितलंत तर तोही लक्षात ठेवतो. पट फक्त ग्रीनवरचे मोजा, कडेवरून पटरने मारलेला फटका त्यात धरू नका. ट्रिपल बोगी (पारपेक्षा तीन फटके जास्त) किंवा त्याहून वाईट होलवर नेमका कोणत्या फटक्यापासून घसरण सुरू झाली, ते एका शब्दात लिहा : 'टी', 'बंकर', 'चिप'. नेट डबल बोगीच्या मर्यादेमुळे हेच होल इंडेक्समध्ये झाकले जातात, आणि फिटिंगला किंवा धड्याला सुरुवात करताना आम्हाला आधी तेच बघायचे असतात.