जुन्या ब्रिटिश लॉऱ्या व त्यांचे चालक

ढोबळमानाने १९३० ते १९७५ या काळात ब्रिटनच्या रस्त्यांवर धावलेल्या तिथल्याच बनावटीच्या मालमोटारी आणि त्या चालवणाऱ्यांचा व्यवसाय. लेलँड, एईसी, फोडेन, ईआरएफ, अ‍ॅटकिन्सन, स्कॅमल, अल्बियन, गाय मोटर्स, कॉमर, थॉर्निक्रॉफ्ट आणि बेडफर्ड ही यातली ठळक नावे. या गाड्या संथ होत्या, कानठळ्या बसवणाऱ्या होत्या, हिवाळ्यात चालकाला गारठवणाऱ्या होत्या आणि कमालीच्या टिकाऊ होत्या. गाडीत जे उणे असे ते चालकाला आपल्या हातापायांनी भरून काढावे लागे. म्हणूनच ब्रिटनमध्ये जुन्या लॉऱ्यांचा विषय निघाला की त्यांच्या चालकांच्या आठवणी ओघाने येतात.

या गाड्यांची घडण बरीचशी कायद्याने ठरवली. जड मालमोटारींना १९५७ पर्यंत ताशी २० मैलांची (सुमारे ३२ किमी.) वेगमर्यादा होती, त्या वर्षी ती ३० मैल झाली. एवढ्याच वेगाने जायचे तर जास्त अश्वशक्तीवर पैसा कोण घालणार? मालकांना हवे होते कमी डिझेल पिणारे आणि वर्षानुवर्षे न कुरकुरणारे एंजिन. ते मँचेस्टरजवळच्या पॅट्रिक्रॉफ्ट इथल्या गार्डनर कारखान्याने दिले. त्यांचे ६एलडब्ल्यू हे ८.४ लिटरचे सहा सिलिंडरचे एंजिन सुरुवातीला १०२ अश्वशक्ती देई. १९५८ मध्ये आलेल्या ६एलएक्सने हा आकडा १५० वर नेला, तोही मिनिटाला अवघ्या १,७०० फेऱ्यांवर. आठचाकी गाडीला १९५५ पासून मालासकट २४ टनांची मुभा होती. दीडशे अश्वशक्तीने २४ टन ओढायचे म्हणजे प्रत्येक चढ आधीच हेरून ठेवावा लागे.

१९३० च्या रस्ते वाहतूक कायद्याने चालकाच्या कामाचे तासही बांधले: सलग साडेपाच तासांपेक्षा जास्त नाही, आणि चोवीस तासांत अकरापेक्षा जास्त नाही. हे तास आणि वीस मैलांचा वेग यांचा हिशेब मांडला की लंडन ते ग्लासगो हा सुमारे ४०० मैलांचा प्रवास एका दिवसात होणे अशक्य होते. वाटेत मुक्काम आलाच. त्यातून ब्रिटनच्या मुख्य रस्त्यांवर ‘ट्रान्सपोर्ट कॅफे’ आणि चालकांना रात्रीपुरती खाट देणारी घरे यांचे जाळे उभे राहिले. डुकराच्या मांसाचे काप, अंडी, पाव आणि मोठ्या मगमधला दाट चहा हा तिथला ठरलेला बेत. रस्ता कुठे बंद आहे, कुठल्या गोदीवर रांग लागली आहे, कुठे परतीचा माल मिळेल, या बातम्याही तिथेच मिळत.

कारखान्यांमध्ये चेशरमधल्या सँडबाख गावाची गोष्ट वेगळी आहे. फोडेन घराण्याचा वाफेवर चालणाऱ्या गाड्यांचा मोठा धंदा याच गावातला. कारखान्याचा ब्रास बँडही नावाजलेला. डिझेलचा काळ आला आहे असे एडविन रिचर्ड फोडेन यांचे ठाम मत होते. घरच्या कंपनीतून बाहेर पडून त्यांनी १९३३ मध्ये गार्डनर एंजिनाची स्वतःची लॉरी काढली आणि तिला आपल्याच नावाची आद्याक्षरे दिली: ईआरएफ. पुढे फोडेन कंपनीलाही डिझेलकडे वळावेच लागले, आणि एकाच गावातले हे दोन कारखाने अनेक दशके एकमेकांचे प्रतिस्पर्धी राहिले. लँकशरमधल्या लेलँडने आपल्या गाड्यांना प्राण्यांची नावे दिली: बीव्हर, हिप्पो, ऑक्टोपस. प्रेस्टनच्या अ‍ॅटकिन्सनच्या रेडिएटरवर वर्तुळातला मोठा ‘ए’ असे. कॉमरच्या टीएस-३ एंजिनात तीन सिलिंडर आणि सहा पिस्टन होते. त्याचा कर्कश आवाज दुरूनही ओळखू येई.

चालकाचे खरे कसब गिअरबॉक्सशी जोडलेले होते. दात आपोआप जुळवून घेणारी सिंक्रोमेशची सोय बहुतेक जड गाड्यांत नव्हती, त्यामुळे प्रत्येक गिअरला डबल क्लच मारणे भाग होते. क्लच दाबायचा, गाडी न्यूट्रलला आणायची, क्लच सोडायचा. वरचा गिअर टाकायचा असेल तर एंजिनाच्या फेऱ्या उतरेपर्यंत थांबायचे. खालचा टाकायचा असेल तर अ‍ॅक्सिलरेटरला नेमका झटका द्यायचा. मग पुन्हा क्लच दाबून गिअर बसवायचा. गार्डनरचे जड फ्लायव्हील (एंजिनाची गती एकसारखी ठेवणारे चाक) सावकाश मंदावे, म्हणून वरचा गिअर टाकताना चांगलीच वाट पाहावी लागे. हे सगळे कानावर चाले. चढावर गिअर चुकला तर गाडी जागीच उभी राही, आणि २४ टन पुन्हा हलवणे सोपे नसे. केबिन बहुधा अ‍ॅश लाकडाच्या सांगाड्यावर पत्रा ठोकून केलेली असे. एंजिन चालकाच्या डाव्या हाताला, झाकणाखाली. त्यामुळे डावा पाय भाजे, तर दाराच्या फटीतून येणाऱ्या वाऱ्याने उजवा गारठे. अनेक गाड्यांत हीटर नसे.

माल बांधणे ही दुसरी विद्या. उघड्या हौद्यावर पोती, पेट्या, लोखंड किंवा लोकरीच्या गाठी रचून त्यावर ताडपत्री ओढायची, पुढच्या ताडपत्रीची कड मागच्या ताडपत्रीवर अशा बेताने घालायची की वाऱ्याने ती उचलली जाऊ नये, आणि मग दोर आवळायचे. यासाठीची ‘डॉली’ गाठ प्रत्येक चालकाला यावीच लागे. दोराला मध्येच एक फासा घालून शेपटाकडचा भाग हौद्याखालच्या आकड्यात अडकवायचा, वर नेऊन फाशातून ओवायचा आणि अंगाचा भार टाकून खाली खेचायचा. दोर कप्पीवरून आल्यासारखा ताणला जाई. माल उतरवताना मात्र हीच गाठ एका हिसक्यात सुटे. पावसात भिजलेली ताडपत्री घडी करणे हे एकट्याच्या ताकदीबाहेरचे काम, पण ते एकट्यानेच उरकावे लागे. मागे ट्रेलर जोडलेला असला तर सोबतीला दुसरा माणूस असे. ट्रेलरचा ब्रेक सांभाळणे ही त्याची जबाबदारी. पुढे चालक झालेल्या अनेकांची सुरुवात याच कामापासून झाली.

चालकांच्या आठवणींत सर्वाधिक येणारा रस्ता म्हणजे केंडल ते पेनरिथदरम्यानचा ए-६ आणि त्यावरचा शॅपचा डोंगर. इंग्लंड आणि पश्चिम स्कॉटलंड यांच्यातली जड वाहतूक सुमारे १,४०० फूट उंचीवरच्या या खिंडीतून जाई. भरलेली गाडी खालच्या गिअरमध्ये माणसाच्या चालीने चढे. उतारावर ब्रेक तापून निकामी होण्याची धास्ती असे. हिमवर्षावात रस्ता बंद झाला की लॉऱ्यांची रांग अडकून पडे आणि आसपासचे गावकरी चालकांना अन्न व आसरा देत. १९७० मध्ये एम-६ महामार्ग या भागात खुला झाला आणि जुना रस्ता ओस पडला. माथ्यावरच्या स्मारकात या मार्गावरच्या चालकांचे आणि त्यांना आसरा देणाऱ्या स्थानिकांचे ऋण नोंदवले आहे. एखाद्या चढावर लॉरीचालकांसाठी दगड उभारला जावा, यातच त्या रस्त्याची अवघडता कळते.

१९४७ च्या वाहतूक कायद्यान्वये लांब पल्ल्याचे खासगी वाहतूकदार सरकारी मालकीत घेतले गेले आणि ‘ब्रिटिश रोड सर्व्हिसेस’ उभी राहिली. १९५३ च्या कायद्याने त्यातला बराच भाग पुन्हा विक्रीस निघाला. साठच्या दशकाच्या उत्तरार्धात व्होल्वो व स्कानिया या स्वीडिश गाड्या आल्या. उबदार, शांत, झोपायची सोय असलेली केबिन आणि महामार्गाला साजेशी ताकद पाहिल्यावर चालकांनी त्या मनापासून स्वीकारल्या, आणि त्यात त्यांचे काहीच चुकले नाही. ब्रिटिश कारखाने एकेक करून मिटले: एईसी १९७९ मध्ये, स्कॅमल १९८८ मध्ये; फोडेनचे उत्पादन २००६ पर्यंत टिकले.

भारताशी या गाड्यांचा संबंध जुना आहे. १ जून १९४८ रोजी पुणे-अहमदनगर मार्गावर राज्य परिवहनाची पहिली बस सुटली, तेव्हाच्या ताफ्यात बेडफर्ड, अल्बियन, लेलँड, कॉमर, सेडन आणि मॉरिस कमर्शियल या ब्रिटिश बनावटी होत्या. त्याच वर्षी मद्रासमध्ये स्थापन झालेल्या अशोक मोटर्सने पुढे लेलँडशी करार केला; १९५५ मध्ये ती अशोक लेलँड झाली आणि लेलँडची ‘कॉमेट’ भारतीय रस्त्यांवर सर्रास दिसू लागली. या कंपनीचा एक कारखाना भंडाऱ्यात आहे.

ब्रिटनमध्ये जुन्या व्यावसायिक वाहनांच्या जतनासाठी १९५८ पासून संघटना काम करते, आणि लेलँड गावात या वाहनांचे स्वतंत्र संग्रहालय आहे. जतन करणाऱ्यांना सर्वाधिक झगडावे लागते ते केबिनशी, कारण चासी आणि एंजिन शाबूत असले तरी लाकडी सांगाडा कुजलेला असतो. भंगारात गेलेल्या लॉऱ्यांची अनेक गार्डनर एंजिने मात्र काढून घेतली गेली आणि कालव्यांवरच्या व मासेमारीच्या बोटींवर बसवली गेली.